कुणीतरी

शिमग्यात होळीपुढे रुचिराच्या बँडची गिटार किंचाळली आणि मृदंगावर ड्रमच्या काठ्या पडल्या, तशी गुरुजींना शिसारी आली. ह्या धिंगाण्यासाठी पोरांना मृदंग शिकवला?

"कुणीतरी डोंगर खाल्ला, कुणीतरी झरा आटवला!" रुचिरा गात होती. पुढच्या खुर्चीत चिरेखाणीचा मालक जयवंत मजेत मान डोलवत होता.

"कुणीतरी म्हंजे कोण गो?" गुरुजींनी गाणं थांबवलं.

"नाव घेतलं तर वाजवू देणार नाहीत, गुरुजी."

"शी! एवढा गोंगाट करता नि शिमग्यात नाव घ्यायला भिता?"

त्यांनी माईक ओढून घेतला, तोंडावर पालथा हात ठेवला आणि पोटच्या पोराच्या, जयवंतच्या नावानं बोंब ठोकली.