ढाण्याला बांधलं

"कुत्रं बांध, न्हाईतर वाडा उचल," सूर्यभान बांधावरून ओरडला. त्याच्या पायाशी त्याचं तपकिरी कुत्रं फाटका कान झाडत उभं होतं.

भीमा धनगराने मान खाली घातली. काल दिवस मावळताना त्याचा वाडा सूर्यभानाच्या वावरात उतरला होता. वाडा म्हणजे काय, एक पाल, एक घोडं, कोकरांभोवती लावायची जाळी आणि मेंढ्या. सामान उतरवून होईपर्यंत त्याच्या कुत्र्याने, ढाण्याने, गावची कुत्री लोळवली होती आणि सूर्यभानाच्या कुत्र्याचा कान फाडला होता. त्याचं असंच असायचं. पोरासोरांनी शेपूट ओढलं तरी हूं की चूं करायचा नाही, पण दुसरं कुत्रं दिसलं की त्याच्या अंगात यायचं. लांडगा काय आणि कुत्रं काय, त्याच्या लेखी दोघंही चोर. त्याच्या जिवावर धावळपुरीपासून इथवर एक कोकरू दगावलं नव्हतं.

"मालक, धनगराचं कुत्रं दाव्याला ऱ्हात न्हाई," भीमा म्हणाला. "वाड्याभवती मोकळं फिरंल तवाच राखन हुती."

"मग ने मेंढ्या दुसऱ्याच्या हिरीवर."

दुसऱ्याची विहीर होती कुठे? बहात्तरच्या दुष्काळाने सगळ्या शिवारातल्या विहिरी कोरड्या पाडल्या होत्या. पाणी राहिलं होतं ते एकट्या सूर्यभानाकडे. एरवी मेंढ्या वावरात बसवल्या की शेतकऱ्याला लेंडीखत आणि धनगराला धान्य, असा रिवाज. यंदा भीमाने धान्याचं नावही काढलं नव्हतं. मेंढ्यांना पोटभर पाणी, एवढंच ठरलं होतं. परवापासून त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, आणि कोकरं आता उभी राहीनात. अडला हरी, दुसरं काय!

"बांधतो," भीमा म्हणाला. "पर तुमचं बी बांधा, मालक. बांधलेल्या कुत्र्यावर सारं गाव तुटून पडतंय. तुमचं म्होरं झालं की बाकीची मागं येत्यात."

"शब्द दिला. घरी गेलो की बांधतो. जा, पानी वढायला लाग."

ढाण्या भीमाला गळ्याला हात लावू देईना. शेवटी भीमाची बायको बनुबाई उठली. तिनेच ढाण्याला भाकरी चारून वाढवला होता. तिने घोड्याचं दावं हातात घेतलं आणि नुसतं "ये रं" म्हणाली. तो आला आणि आपणहून मान पुढे करून उभा राहिला. बनुबाईला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने दावं बाभळीला आवळून बांधलं.

ऊन चढलं. भीमा पोहऱ्याने पाणी ओढून विहिरीजवळची दगडी डोण भरत होता. पाण्याच्या वासाने मेंढ्या एकमेकींवर चढत होत्या, बनुबाई त्यांना काठीने थोपवून धरत होती. डोण काठोकाठ भरली आणि ओढ्याकडून गावची कुत्री आली. सगळ्यांच्या पुढे फाटक्या कानाचं.

ढाण्याने झेप घेतली. दाव्याने त्याला हवेतूनच मागे आपटलं. मग सगळी त्याच्यावर पडली.

बनुबाई काठी घेऊन धावली, तशा मेंढ्या बिथरून रानभर पांगल्या. भीमाही पोहरा टाकून पळाला. दोघं पोचली तेव्हा ढाण्याचा गळा फाटला होता. त्याने बनुबाईकडे एकदा पाहिलं आणि संपला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती घरातलं माणूस गेल्यासारखी मोठ्याने रडली.

ओरडा ऐकून सूर्यभान आला.

"तुमी शब्द दिल्ता," भीमा म्हणाला.

"घरात सांगितलं हुतं बांधायला. बाया इसरल्या," सूर्यभान म्हणाला. "आता एका कुत्र्यापायी किती रडायचं, बाई?"

बनुबाईने डोळे पुसले नाहीत. "तुमच्या कुत्र्याचा कान फाटला तर सकाळच्या पारी आलात की, मालक."

सूर्यभान डोणीच्या दिशेने चालू लागला.

भीमाने मेंढ्या गोळा करून विहिरीकडे वळवल्या. रडायला त्याला सवड नव्हती. पण कुत्री आधीच तिथे पोचली होती. डोणीत तोंडं घालून ती पाणी प्याली, आणि पिऊन झाल्यावर डोणीच्याच सावलीला पसरली. भीमाने दगड भिरकावला की दात दाखवत थोडी मागे सरायची आणि तो वाकला की परत यायची. मेंढ्या लांबच थबकल्या. त्याने एकीला शिंग धरून ओढत आणलं, तर ती हिसडा मारून उलटी पळाली, आणि तिच्यामागे सगळा कळप.

डोण अजून निम्मी भरलेली होती. सूर्यभान तिच्या काठाला टेकून उभा राहिला.

"पाज की आता," तो म्हणाला. "मी कुठं नको म्हनतोय?"