हेरन नावाचा बगळा

गुरुवारी पेपरात हेरनचं शब्दकोडं छापून आलं की इमोजेन न्याहारीच्या टेबलावर एकटीच हसायची. आजही हसली.

एडमंडचा टोस्टवर मार्मालेड लावणारा हात थांबला. "काय झालं?"

"काही नाही रे. उभा सातवा शब्द."

"मलाही सांग की."

"सांगून कळलेला विनोद आणि गार झालेला चहा, दोन्ही सारखेच." तिने पेपरची घडी करून पर्समध्ये टाकली. नेहमीप्रमाणे एकही चौकोन भरलेला नव्हता. हिचं सगळं डोक्यातच सुटत असणार, असं एडमंडला वाटायचं. "संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे. जेवायला थांबू नकोस."

हेरन म्हणजे बगळा. कोडी रचणारे असली टोपणनावं घेतात. खरं नाव छापायचं नाही, हा त्यांचा रिवाज. पण या बगळ्याने एडमंडच्या घरात चोच घातली होती.

एडमंडचं श्रूजबरीत चष्म्यांचं दुकान होतं. कोड्यांच्या वाटेला तो कधी गेला नव्हता. गेल्या हिवाळ्यात टेबलावर राहिलेल्या पेपरात सहज कोड्यातलं एक सूत्र, शब्द ओळखायला दिलेलं वाक्य, त्याच्या नजरेस पडलं. दुसऱ्यांची नजर तपासणारा घरात मात्र चाचपडतो, अशा अर्थाचं. त्याने ते पुन्हा वाचलं. पुढच्या कोड्यात जेवताना रेडिओ लावून बसणारा नवरा होता. त्यापुढच्यात मोजे घालून झोपणारा. सगळे उभ्या शब्दांच्या रांगेत.

एडमंड मोजे घालूनच झोपायचा. हे इमोजेनखेरीज कोणाला माहीत असणार?

दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो गुपचूप कोडी शिकू लागला. एका संकेतस्थळावर काही हौशी मंडळी पेपरातल्या कोड्याचं एकेक सूत्र उकलून दाखवायची. सूत्र दिसायला साधं वाक्य असतं. त्याच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ दडलेला असतो आणि उरलेल्या भागात अक्षरं जुळवायची युक्ती. वरवरचं वाक्य फसवायलाच असतं, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, असं जुनी मंडळी नवख्यांना बजावायची. एडमंड मात्र नेमकं तेच वाचत राहिला. उत्तर पाणमांजर आलं काय आणि दीपस्तंभ आलं काय, त्याला मोजेच दिसत होते.

एकदा भांडी पुसता पुसता त्याने विचारलं, "हा हेरन कोण गं?"

"कुणालाच ठाऊक नसतं, एड. तीच तर मजा."

"पुरुषच असणार."

"किंवा बाई."

"तुला बरा आवडतो तो."

"अगं बाई! एका टोपणनावावर जळतोस?" तिने ओला हात त्याच्या टकलावर पुसला आणि गुणगुणत वर गेली.

जळतच होता. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, हे त्याला आठवून आठवूनही आठवेना.

मे महिन्यात संकेतस्थळावर निमंत्रण झळकलं. कोडी रचणाऱ्यांचा आणि सोडवणाऱ्यांचा वार्षिक मेळावा, शनिवारी दुपारी, यॉर्कमधल्या एका पबच्या माडीवर. एडमंडने घरी चष्म्यांच्या प्रदर्शनाचं निमित्त सांगितलं.

"जा की," इमोजेन म्हणाली. "गेल्या वर्षी याच दिवसांत मी बहिणीकडे गेले होते, तेव्हा तू राहिलासच ना एकटा? मी गुलाब छाटीन."

गाडीत त्याने वाक्य घोकलं. 'माझ्या बायकोपासून लांब राहा.' मग त्यापुढे 'कृपया' जोडलं. मग काढलं. यॉर्क येईपर्यंत ते पुन्हा जोडलं गेलं होतं.

माडीच्या दाराशी डिलिस प्यू नावाच्या म्हाताऱ्या बाई पाहुण्यांच्या छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावत होत्या. मेळावा त्याच भरवायच्या.

"नवीन दिसताय. रचता की सोडवता?"

"शिकतोय अजून. एडमंड."

"बास. इथे आडनाव कुणी विचारत नाही."

"हेरन आलाय का?"

"यंदा नाही. का हो, भांडायचं होतं? बरेच जण त्याचसाठी येतात."

"नाही, नाही. फक्त भेटायचं होतं."

"या, बसा माझ्याजवळ. इतक्या लांबून आलात, हात हलवत कसं पाठवू?" बाईंनी आवाज उतरवला. "आणि 'आलाय' काय म्हणता? हेरन बाई आहे. इमोजेन. श्रूजबरीची. बाहेर बोलू नका हं."

एडमंड बाकावर बसला. मग त्याला हसू फुटलं, हातातली बिअर हिंदकळेपर्यंत. मोजे, रेडिओ, चाचपडणारा नवरा, सगळं घरातूनच आलं होतं! इतके महिने तो आपल्याच बायकोवर जळत होता. पेपरात नवऱ्याची टिंगल करते म्हणजे कमालच झाली. पण टिंगल करायला तरी त्याच्याकडे बघत होतीच ना ती? परत जाताना स्टेशनवरून फुलं घ्यायची, त्याने ठरवलं. सगळं कबूल करायचं. आणि उभा सातवा तिच्याकडूनच समजून घ्यायचा, चहा गार झाला तरी चालेल.

त्याची मान ताठ झाली. "बाई, ती इमोजेन म्हणजे माझी—"

"अर्धी हेरन म्हणा," डिलिसबाई आपल्याच नादात होत्या. "आडवे शब्द तिचे, उभे सगळे तिच्या नवऱ्याचे. दर गुरुवारी संध्याकाळी दोघं बसून रचतात म्हणे. गेल्या वर्षी दोघं याच बाकावर बसली होती, एका ताटलीतले चिप्स खात. तिने वाक्य सुरू करावं, त्याने पुरं करावं. लग्नाला इतकी वर्षं होऊन अशी हसणारी जोडी मी तरी पाहिली नाही हो." त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि त्याच्याकडे वळून आपुलकीने विचारलं, "पण तुमचं वाक्य मी मधेच तोडलं. तुम्ही कोण लागता तिचे?"