कपाटातली कुजबुज

घशाच्या ऑपरेशननंतर बाईंच्या आवाजाची नुसती कुजबुज उरली होती. शिकवणं सुटतंय की काय, या धास्तीतच त्या सातवीच्या वर्गावर गेल्या. रहस्यमय श्रुतिका शिकवायची होती: घरात चोर शिरलाय आणि कपाटात लपलेली आजी फोनवरून मदत मागतेय. मुलांनी भूमिका वाटून घेतल्या. एकाने बुटांनी पावलं वाजवली, एकीने दाराची बिजागरी कुरकुरवली. आजीचं काम कुणालाच जमेना. जो तो ओरडायचा, वर्ग खिदळायचा. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आजी तुम्हीच व्हा ना!" बाई बिचकत कुजबुजल्या, "लवकर या... तो कपाटापाशीच उभा आहे." वर्ग चिडीचूप झाला. मागच्या बाकांवरची पोरं पुढे सरकली. सुट्टीची घंटा झाली, तरी कुणी हललं नाही. "बाई, पुढे काय?" बाईंनी डोळे पुसले, मनोमन पोरांना हात जोडले आणि पान उलटलं.