विकलेला पंप

सरकारी कचेरीच्या ऑनलाइन लिलावात पाणी उपसायचा डिझेलचा जुना पंप दिवाळीतच सापगावच्या योगिनीच्या नावावर सुटला. त्या भरवशावर तिनं नदीकाठी भेंडीचं बी टोकलं. कचेरीतून पंप उचलायच्या आदेशावर एक सही तेवढी राहिली होती. दर सोमवारी ती शहापूरला खेप घालायची आणि कारकून भाऊसाहेब खिडकीतून ओट्यावरचा पंप दाखवून म्हणायचे, "पळून नाय जात ताई तो. सहीवाले साहेब बदलून गेलेत, नवे आले की बघू."

पंप खरंच पळाला नाही. कळशीनं पाणी घालून घालून योगिनीचे खांदे भरून आले आणि होळीच्या आत अर्धीअधिक भेंडी उभ्या उभ्या वाळली.

जुलैत मात्र भाऊसाहेबांचाच फोन आला. कचेरीत गुडघाभर पाणी शिरलं होतं, दप्तरं भिजत होती, तिचा पंप हवा होता.

"तो तर तुमच्याच ओट्यावर हाय ना भाऊसाहेब," योगिनी म्हणाली. "लावा की."

"असं कसं ताई? विकलेल्या मालाला आमाला हात लावता येत नाय. तुमीच येऊन चालू करा."

चला, पावसानं का होईना, पंप सुटला एकदाचा, असं तिला वाटलं. "मंग पाणी काढलं का तसाच घेऊन जाते," ती म्हणाली.

 

"नाय नाय, उचलायचा आदेश कुठं निघालाय अजून? येताना डिझेल तेवढं आणा, आणि जाताना पंप होता तिथं ठेवून जा."