उजवा, मग डावा

"माणूस फिरतो, सही फिरते, अंगठा फिरत नाही," वकीलसाहेब नोंदणी कार्यालयातल्या सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. तेवढ्यात यंत्राने म्हातारीचा अंगठा पुन्हा नाकारला.

घर तिच्या एकटीच्या नावावर होतं. विकत होता मुलगा. नव्या फ्लॅटमध्ये एक खोली नवराबायकोची, एक नातवाच्या अभ्यासाची, आणि आईची सोय हॉलमधल्या सोफ्यावर. पाहुणे उठून गेले की. हे त्याने तिला नीट समजावून सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली होती. तिचं "बरं" म्हणजे होकार, हे त्या घरात नवऱ्याच्या काळापासून धरून चाललेलं होतं.

मसुदा वाचून दाखवला त्या दिवशी तिने वकिलांना एवढंच विचारलं होतं, "सही झाली आणि अंगठा नाही उठला, तर?"

"तर व्यवहारच नाही, आजी. तुमच्या अंगठ्याशिवाय पान हलणार नाही."

म्हातारीला कायद्यात गोडी आहे, असं साहेबांना वाटलं.

"पुसून ठेवा," कारकून म्हणाला. सुनेने रुमालाने पुसला. मुलाने फुंकर घातली. मग डावा ठेवून पाहिला. डावाही नापास.

"कामं करून करून झिजले हो बिचारीचे," वकील हळहळले.

"कामं कसली?" सून म्हणाली. "महिनाभर टाचा घासायच्या मागे लागल्यात. वजरी घेऊन बाथरूममध्ये शिरल्या की दुपार गेलीच. एक वजरी झिजवून दुसरी आणायला लावली."

टाचांकडे कोणी पाहिलं नाही. त्या होत्या तशाच भेगाळलेल्या होत्या. म्हातारीने दोन्ही अंगठे मुठीत घेतले. महिनाभर ती कप तळव्यांत धरून चहा पीत होती. घरच्यांना वाटलं होतं, थंडी वाजतेय.

घर घेणारा उठला. "आज शेवटची मुदत. नोंदणी होत नसेल तर माझा विसार परत द्या. दुप्पट. करारात आहे."

विसार कधीच नव्या फ्लॅटमध्ये गेला होता. मुलाचा चेहरा उतरला.

"आई, जरा दाबून ठेव ना गं! माझ्यासाठी."

तिने ठेवला. चांगला दाबून ठेवला. सोललेल्या कातडीने तिच्या डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते पाहून मुलाला भरून आलं. यंत्रावर लाल दिवा लागला.

"नाही होत रे बाबा," म्हातारी म्हणाली. तिने पिशवी काखेत मारली. लग्न झाल्यापासून त्या घरात तिने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आजचं 'नाही'ही तिने यंत्राकडून म्हणवून घेतलं. "चल, घरी जाऊ."

ती दारापर्यंत पोचली. कारकुनाने पुढची फाइल ओढली, आणि मान वर न करता म्हणाला,

"तर्जनी ठेवा की आजी. कुठलंही बोट चालतं."