पहिली नजर

स्कॉटलंडमधल्या एका जुन्या फुटबॉल क्लबने आपल्या शंभर वर्षांपूर्वीच्या गोलकीपरचा संगमरवरी पुतळा जयपूरहून मागवला होता. ‘एकदा बॉलवर नजर बसली की तो हातात आल्याशिवाय हा थांबायचा नाही,’ असं क्लबच्या इतिहासात लिहिलं होतं.

जयपूरच्या चारदीवारीतले, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातले मूर्तिकार रामावतारजी मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडत, आणि तेव्हा तिच्यासमोर आरसा धरायला लावत. पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून.

ऑर्डर सांभाळणारी गौतमी मोबाइल घेऊन पुतळ्यासमोरच उभी होती. "आरसा राहू द्या ना भैया, व्हिडिओत मध्ये येतोय. हा काय देव आहे? गोलकीपर तर आहे!" रामावतारजींनी आरसा बाजूला ठेवला आणि डोळे उघडले.

पुतळा पोचला. क्लबने कौतुक कळवलं, आणि एक तक्रारही. मैदानाकडे तोंड करून बसवलेला पुतळा रोज सकाळी पूर्वेकडे वळलेला असतो.

आज थेट फोनच आला. चौथरा रिकामा होता.

"चोरीला गेला?" गौतमीने विचारलं.

"नाही. चिखलात बुटांचे ठसे आहेत. पूर्वेच्या फाटकातून बाहेर गेलेत."

गौतमी धावतच रामावतारजींकडे गेली.

"भैया, आरसा आता धरला तर चालेल?"