एकच पित्ताशय

अण्णा नगरच्या डॉ. सुंदरेशननी न केलेली ऑपरेशनं दाखवून विमा कंपनीचे पैसे खाल्ले. कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं आणि मेडिकल कौन्सिलने वर्षभरासाठी लायसन्स निलंबित केलं.

नेमके त्याच वर्षी उमाकांत काळ्यांच्या पित्ताशयात खडे झाले, अगदी खरेखुरे. पण कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये ते पित्ताशय सुंदरेशननी २००४ सालीच काढलेलं होतं. नोंदीतल्या त्या दिवशी उमाकांत त्यांच्याकडे अपचनाची गोळी घ्यायला गेले होते.

"सार, माणसाला एकच असतं," विमा कंपनीच्या काउंटरवरची तमिळ मुलगी समजुतीने म्हणाली. "ज्यांनी काढलं, त्यांनीच 'काढलं नाही' असं लिहून द्यायला हवं. आणि निलंबित डॉक्टरची सही चालत नाही."

स्वखर्चाने ऑपरेशन परवडणारं नव्हतं. उमाकांतांनी वर्षभर पोटाला गरम पाण्याची पिशवी लावली, चटणीशिवाय इडल्या गिळल्या आणि डॉक्टरांची शिक्षा संपायची वाट डॉक्टरांपेक्षा जास्त पाहिली. लायसन्स परत मिळाल्याचं कळताच बायकोने, जयवंतीने, कोपऱ्यावरच्या पिल्लैयार गणपतीपुढे नारळ फोडला. दवाखान्यात पहिला नंबर यांचाच.

"माझं ऑपरेशन झालंच नाही, एवढं लिहून द्या, डॉक्टर."

पाटीवरचा झेंडूचा हार अजून ताजा होता. डॉक्टरांनी हात जोडले.


"माफ करा सार. न केलेल्या ऑपरेशनबद्दल यापुढे एक अक्षरही लिहिणार नाही, या अटीवरच लायसन्स परत मिळालंय."